लिंबाचा खैऱ्या, डाळिंबाचा तेल्या आणि रोगजंतूंचीं नांवें

आमच्या एका डाळिंब-बागाईतदार सभासदांनीं आम्हांस एक पत्र पाठविलें आहे. पत्र लहान आहे, परंतु त्यांतील प्रश्न इतका मार्मिक आहे कीं, त्याचें उत्तर दोन ओळींत देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. त्यांच्या बागेच्या बांधावर कागदी लिंबाचीं चाळीस झाडें आहेत. त्यांवर खैऱ्या आहे, आणि तो पुष्कळ वर्षांचा आहे. डाळिंबावर मात्र दोन वर्षांपासूनच तेल्या पडूं लागला आहे. तेल्याच्या जंतूस पूर्वीं 'झँथोमोनस ॲक्झोनोपोडिस' म्हणत. आतां नव्या लेखांतून त्याचें नांव 'झँथोमोनस सिट्री' असें येतें, आणि लिंबाच्या खैऱ्याच्या जंतूचें नांवही 'झँथोमोनस सिट्री' हेंच आहे. "तेव्हां आमच्या लिंबांनींच डाळिंबास रोग दिला असें समजावयाचें काय, आणि लिंबें तोडून टाकावीं काय?" असा त्यांचा सवाल आहे. औषधें विकणाऱ्या एका गृहस्थांनीं 'तोडा' असा सल्ला देऊन टाकलाही आहे.

सल्ला देणाऱ्यास कांहीं लागत नाहीं. तोडणाऱ्याचें मात्र चाळीस फळत्या झाडांचें उत्पन्न जातें. शिवाय तेल्याचें मूळ दुसरीकडेच असेल तर लिंबें जाऊनही तेल्या राहावयाचा तो राहीलच. दोन जंतु एकाच जातीचे किंवा भिन्न जातींचे हें शास्त्रज्ञ कशावरून ठरवितात, नांवें पुनःपुन्हां कां बदलतात, आणि त्या नांवांवर शेतकऱ्यानें कितपत विसंबावें, हें समजल्यावांचून या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं. म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा अशी विनंति आहे.

खिल्लार बैल आणि डांगी बैल यांतील भेद आमच्या वाचकांस कोणी शिकवावयास नको. शिंग, रंग, बांधा, चाल यांवरून बाजारांत उभ्याउभ्या जात सांगतां येते. झाडाची जात फुलावरून, फळावरून, पानाच्या शिरांवरून लागते. सूक्ष्मजंतूंच्या बाबतींत ही सोय नाहीं. झँथोमोनस म्हणजे एक लहानसा दांडा. एका मिलिमीटरच्या लांबींत असे पांचशेंहून अधिक दांडे सहज मावतात. उत्तम सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तरी डाळिंबावरचा, लिंबावरचा, कपाशीवरचा आणि कोबीवरचा दांडा यांत डोळ्यांस कांहींएक फरक दिसत नाहीं. प्रत्येकास एका टोंकाला एकच शेपटी, आणि तीही विशेष रंग दिल्यावांचून दिसावयाची नाहीं. रूपावरून ओळख पटत नाहीं म्हटल्यावर ती गुणांवरून पटवावी लागते.

पहिला गुण रंग धरण्याचा. इ. स. १८८४ मध्यें हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्यानें बर्लिन येथें काम करीत असतां एक रंगक्रिया प्रसिद्ध केली. कांचेवर पसरलेल्या जंतूंस जांभळा रंग द्यावा, आयोडिनानें तो पक्का करावा आणि मग मद्यार्कानें धुवावें. कांहीं जंतूंचा रंग टिकतो, कांहींचा निघून जातो. याचें कारण जंतूच्या कवचाची घडण. ज्यांचें कवच जाड ते रंग धरतात. ज्यांचें कवच पातळ असून त्यावर स्निग्ध द्रव्याचें आणखी एक आवरण असतें ते धरीत नाहींत. झँथोमोनस दुसऱ्या प्रकारांत मोडतो, आणि पिकांवरील बहुतेक रोगजंतूही याच प्रकारांतले आहेत. सूक्ष्मदर्शक नसला तरी ही परीक्षा एका युक्तीनें करतां येते. शेंकडा तीन प्रमाणाच्या दाहक पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब कांचपट्टीवर घेऊन त्यांत जंतूंची वसाहत काडीनें घोटावी व काडी हलकेंच वर उचलावी. पातळ कवचाचे जंतु फुटतात, त्यांच्या पोटांतील द्रव्य बाहेर पडतें, आणि काडीबरोबर बुळबुळीत तार निघते. जाड कवचाच्या जंतूंची तार निघत नाहीं. शेतकी शाळांतील विद्यार्थ्यांनीं ही परीक्षा अवश्य करून पाहावी. मात्र पोटॅश डोळ्यांस व हातांस लागूं देऊं नये.

दुसरा गुण वसाहतीचा. एकटा जंतु दिसत नाहीं, परंतु लाखों एकत्र वाढले म्हणजे दिसतात. रोगट पान वरून शुद्ध करून घेऊन डागाच्या कडेचा तुकडा निर्जंतुक पाण्यांत चुरडावा आणि त्या पाण्याची रेघ अगरच्या खाद्यावर ओढावी. कांहीं दिवसांत पिवळसर, चकचकीत, मधासारख्या चिकट टिकल्या उमटतात. ग्रीक भाषेंत 'झँथॉस' म्हणजे पिवळा. त्यावरूनच १९३९ मध्यें डाउसन या इंग्रज शास्त्रज्ञानें या कुळास झँथोमोनस हें नांव दिलें. हा पिवळा रंगही साधा नव्हे. त्याच्या घटनेंत ब्रोमिनाचे अणु असतात, आणि असा रंग या कुळाची मोठी खूण मानली जाते. टिकली चिकट दिसते ती जंतूनें स्वतःभोंवतीं निर्माण केलेल्या गोंदामुळें. कोबीच्या काळ्या कुजीच्या जंतूपासून हाच गोंद कारखान्यांत काढतात व 'झँथन' या नांवानें तो खाद्यपदार्थ दाट करण्यास वापरतात. कोबीवाल्यास बुडविणारा जंतु आइस्क्रीमवाल्याच्या उपयोगीं पडतो, ही मौज जातां जातां सांगून ठेवतों.

परंतु पिवळी टिकली दिसली कीं झँथोमोनस सांपडला, असें समजणारे पुष्कळ फसले आहेत. पानांवर निरुपद्रवीपणें राहणारे, किंवा डाग पडल्यावर मागाहून येऊन वस्ती करणारे दुसरेही पिवळे जंतु आहेत. त्यांपैकीं पँटोइया कुळांतले जंतु तर झँथोमोनसपेक्षां लवकर वाढतात. दुसऱ्या दिवशींच टिकल्या उमटल्या म्हणजे अनुभवी माणूस सावध होतो. यांची निवड साखरेवरून होते. दोन नळ्यांत साखर व रंग बदलणारें द्रव्य घालून दोहींत जंतु सोडावा आणि एका नळीवर पातळ पॅराफिनाचा थर देऊन वारा बंद करावा. झँथोमोनस वाऱ्यावांचून साखर वापरूं शकत नाहीं, म्हणून झांकलेली नळी तशीच राहते. पँटोइया दोन्ही नळ्या आंबवितो. ही परीक्षा १९५३ पासून रूढ आहे, आणि पानावरचे उपरे जंतु ओळखण्यास आजही तिचा उपयोग होतो.

येथपर्यंत कूळ लागलें. कुळाच्या आंत जात कशी लावावयाची, हा खरा बिकट भाग.

जुन्या शास्त्रज्ञांनीं यावर एक सोपा मार्ग काढला होता. ज्या पिकावर नवा रोग दिसेल त्या पिकाच्या नांवानें नवी जात घोषित करावयाची. कपाशीवरची ती मॅल्व्हेसिआरम, लिंबावरची ती सिट्री. या कामांत आमच्या पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचा वांटा लहान नाहीं. तेथें डॉ. एम. के. पटेल व त्यांचे सहकारी यांनीं १९४८ पासून थोड्याच वर्षांत कितीतरी जाति वर्णिल्या. आंब्यावरील काळ्या डागांचा जंतु १९४८ मध्यें, तुरीवरचा १९५० मध्यें, नागवेलीवरचा व चिंचेवरचा १९५१ मध्यें. पुढें तागावरच्या एका जंतूस खुद्द पटेल यांचेंच नांव देण्यांत आलें. डाळिंबाच्या रोगाची भारतांतील पहिली नोंद १९५२ मधील दिल्लीची. या मंडळींनीं रोग नोंदविले, जंतु शुद्ध स्वरूपांत वेगळे केले, निरोगी झाडांस टोंचून रोग पुन्हां उत्पन्न करून दाखविला, आणि शुद्ध जंतु परदेशच्या संग्रहांत जतन करण्यास पाठविले. त्यांच्या नांवांपैकीं कांहीं पुढें टिकलीं नाहींत. परंतु त्यांनीं जतन केलेले जंतु टिकले, आणि आजची सारी चिकित्सा त्यांवर चालते. हें काम आम्ही फार मोलाचें समजतों.

अडचण अशी झाली कीं, एक पीक एक जात या न्यायानें पाहतां पाहतां शंभरावर जाति झाल्या. न्यूझीलंडमधील डाय या शास्त्रज्ञानें त्यांपैकीं पुष्कळ जंतु एकत्र आणून नेहमींच्या साऱ्या परीक्षा त्यांवर करून पाहिल्या आणि १९६२ मध्यें स्पष्टच सांगितलें कीं, या परीक्षांनीं यांतील जाति ओळखतां येत नाहींत. स्टार्च पचविणें, जेलाटिन विरघळविणें, दूध फाडणें, नानाविध साखरांपासून आम्ल करणें, यांत एका जातीचे दोन जंतु भिन्न निघत आणि दोन जातींचे एकसारखे निघत. बाटलीवरची चिठ्ठी काढून घेतली तर कोणता जंतु कोणत्या पिकावरचा हें सांगणें अशक्य होतें. मग १९७४ मध्यें जंतुवर्गीकरणाचा प्रमाणग्रंथ जो बर्जी यांचा, त्याच्या आठव्या आवृत्तींत शंभरावर जातींच्या अवघ्या पांच करण्यांत आल्या, आणि १ जानेवारी १९८० पासून जंतूंच्या नांवांची नवी मान्य यादी सुरू होऊन त्याबाहेरचीं नांवें शास्त्रदृष्ट्या रद्द झालीं.

शास्त्राचें ओझें यानें हलकें झालें, पण शेतकऱ्याचें वाढलें. कोबीवरचा जंतु आणि लिंबावरचा जंतु एकाच नांवाचे ठरले तर रोपांची आयात-निर्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्यानें काय करावें? एका पिकास मारणारा व दुसऱ्यास स्पर्शही न करणारा हा भेद तर खराच होता. म्हणून १९८० मध्येंच वनस्पतिरोगतज्ज्ञांनीं जातीच्या खालीं 'पॅथोव्हार' ही पायरी घातली. तिला आपण 'रोगप्रकार' म्हणूं. जातीचें नांव नातें सांगतें. रोगप्रकाराचें नांव कोणत्या झाडावर कोणता रोग होतो तें सांगतें. पहिलें प्रयोगशाळेंत ठरतें; दुसरें झाडास टोंचून पाहिल्यावांचून ठरत नाहीं. पत्रलेखक सभासदांच्या प्रश्नाची किल्ली या भेदांत आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नातें मोजण्याचें साधन पुढें डीएनएच्या रूपानें मिळालें. डीएनए म्हणजे दोन पिळांची दोरी. ती तापविली असतां पीळ सुटतात व निवविली असतां जुळतात. दोन जंतूंच्या सुटलेल्या पिळांचें मिश्रण केलें तर ज्या मानानें दोघांची अक्षरें जुळतात त्या मानानें एकाचा पीळ दुसऱ्याशीं वळला जातो. शेंकडा सत्तर किंवा त्याहून अधिक जुळणी झाली तर जात एक समजावी असें १९८७ मध्यें तज्ज्ञांच्या समितीनें सुचविलें. बेल्जियममधील घेंट येथें व्होटेरिन व त्यांचे सहकारी यांनीं झँथोमोनसच्या १८३ जंतूंवर ही खटपटीची परीक्षा केली आणि १९९५ मध्यें वीस जाति निश्चित केल्या. त्यांत डाळिंबाचा जंतु ॲक्झोनोपोडिस या जातींत पडला. आतां हें ॲक्झोनोपोडिस काय प्रकरण आहे, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें आहे. ॲक्झोनोपस हें दक्षिण अमेरिकेंतील एक गवत. कोलंबिया देशांत त्याच्या एका जातीवर गोंद गळण्याचा रोग पडला, त्याचा जंतु १९५० मध्यें वर्णिला गेला, आणि नांवांच्या उलथापालथींत तें नांव शाबूत राहिलें. एवढ्यावरून सोलापूर-सांगोल्याच्या डाळिंबाचा जंतु कित्येक वर्षें कोलंबियाच्या गवताचें नांव मिरवीत होता. जो बागाईतदार त्या नांवावरून आपल्या बांधावरचें गवत उपटावयास लागला असता त्यास आम्हीं काय म्हटलें असतें?

पीळ जुळविण्याची रीति अवघड व वेळखाऊ होती, आणि दोन प्रयोगशाळांचे आंकडे नीट जुळत नसत. म्हणून अक्षरें थेट वाचण्याकडे कल झाला. सर्व जंतूंत असणाऱ्या एका जनुकाची, ज्यास १६-एस म्हणतात, सुमारें पंधराशें अक्षरें असतात. १९७७ मध्यें अमेरिकेंतील कार्ल वोझ यांनीं याच रेणूवरून साऱ्या जीवसृष्टीचीं घराणीं लाविलीं. तेव्हांपासून कोणताही अनोळखी जंतु सांपडला कीं प्रथम हें जनुक वाचण्याचा प्रघात पडला आहे. परंतु झँथोमोनसच्या कुळांत हें जनुक फारच थोडें बदललेलें आहे. एकमेकांच्या निकटच्या जातींत मोजक्याच अक्षरांचा फरक, आणि कित्येक रोगप्रकारांत तर मुळींच नाहीं. गांवांत पाटील आडनांवाचीं साठ घरें असावीं आणि पत्रावर नुसतें 'पाटील' लिहावें, तशांतला हा प्रकार. खाजगी प्रयोगशाळेनें केवळ १६-एस वाचून 'हा डाळिंबाचाच जंतु' असा दाखला दिला असेल तर तो दाखला बागाईतदारानें परत करावा असें आमचें स्पष्ट मत आहे.

याहून चांगली रीति म्हणजे जंतूच्या रोजच्या व्यवहारास लागणारीं चारपांच जनुकें घेऊन तीं एकत्र वाचणें. हीं जनुकें १६-एसपेक्षां लवकर बदलतात, म्हणून निकटचे भाऊबंद वेगळे दिसतात. त्यांपैकीं गायरेज-बी नांवाच्या जनुकावर बेतलेली पीसीआर परीक्षा दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंतील अभ्यासकांनीं डाळिंबाच्या जंतूसाठीं तयार केली. पीसीआर म्हणजे हवा तेवढाच डीएनएचा तुकडा यंत्रांत पुनःपुन्हां नकलून वाढविणें. अल्प जंतु असले तरी ते यानें सांपडतात, आणि म्हणूनच वरून निरोगी दिसणाऱ्या रोपासाठीं ही परीक्षा विशेष कामाची आहे. जंतूच्या अंगांतील स्निग्ध द्रव्यें, प्रथिनें व प्रतिद्रव्यें यांवरूनही ओळख करतात. परंतु त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

आतां तर जंतूची संबंध लिपीच वाचतां येते. २००२ मध्यें ब्राझिलमधील शास्त्रज्ञांनीं लिंबाच्या खैऱ्याच्या व कोबीच्या काळ्या कुजीच्या जंतूंचे पूर्ण जीनोम प्रसिद्ध केले. एकेकांत पन्नास लाखांवर अक्षरें. २०१२ मध्यें डाळिंबाच्या जंतूचा जीनोमही वाचला गेला, आणि तोही घेंटच्या संग्रहांत ठेवलेल्या जुन्या भारतीय नमुन्याचा. दोन जीनोम शेजारीं ठेवून समान भागांतील अक्षरें सरासरीनें शेंकडा ९५-९६ किंवा त्याहून अधिक जुळलीं तर जात एक, असा हल्लींचा दंडक आहे. या मापानें पाहतां १९९५ ची ॲक्झोनोपोडिस ही एक जात नसून तीं तीनचार घरें एका छपराखालीं कोंबलेलीं होतीं असें दिसून आलें. २०१६ मध्यें तीं घरें वेगळीं करण्यांत आलीं. डाळिंबाचा जंतु सिट्रीच्या घरांत गेला. त्याच घरांत लिंबाचा खैऱ्या आहे. परंतु तेथें कपाशीच्या कोनीय ठिपक्यांचा जंतु आहे, सोयाबीनच्या पानांवर फोड आणणारा आहे, आणि पटेल यांचा आंब्याचा जंतूही आहे. एकाच नांवामुळें लिंबें तोडावयाचीं तर मग आंबा तोडावा लागेल, आणि शेजाऱ्यास कपाशी व सोयाबीन पेरूं नकोस म्हणावें लागेल.

नांवाच्या घोटाळ्यापायीं केवढी हानि होते हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांताकडे पाहावें. संत्र्या-मोसंब्यांच्या त्या प्रदेशांत खैऱ्या प्रथम १९१० नंतर जपानी रोपांबरोबर आला. आरंभीं तो बुरशीचा रोग समजला गेला आणि तेवढ्या अवधींत पसरला. तो जंतूचा आहे हें १९१५ मध्यें क्लारा हॅस या बाईंनीं सिद्ध केलें. पुढें बागाच्या बागा जाळून १९३३ पर्यंत रोग निखंदून काढण्यांत आला. (याच सुमारास इंग्लंडांतील क्यू येथील वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहांत, भारतांतून १८२७ ते १८३१ च्या दरम्यान गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानांवर खैऱ्याचे डाग आढळले, म्हणजे आपल्याकडे हा रोग निदान दोनशें वर्षांचा आहे.) १९८४ मध्यें फ्लॉरिडाच्या एका रोपवाटिकेंत रोपांवर डाग दिसले. त्यांतून पिवळा जंतु निघाला, टोंचल्यावर संत्र्याच्या रोपांवर डाग पडले, आणि त्या वेळच्या परीक्षांनीं तो खैऱ्याचाच ठरला. मागील अनुभव भयंकर असल्यामुळें अधिकाऱ्यांनीं वेळ दवडला नाहीं. सुमारें दोन कोटि रोपें जाळण्यांत आलीं.

परंतु बारकाईनें पाहणाऱ्यांस कांहीं गोष्टी खटकत होत्या. खैऱ्याचा डाग वर उचललेला, बुचासारखा खरबरीत असतो. हे डाग सपाट व पाणीदार होते. रोपवाटिकेंत ते पसरत, परंतु मोठ्या फळत्या झाडांवर ते जवळजवळ दिसतच नसत. मग डीएनए विशिष्ट पाचकद्रव्यांनीं कापून तुकड्यांचे पट्टे ताडून पाहिले, तेव्हां हा जंतु खैऱ्याचा निकट भाऊबंदही नव्हे असें आढळलें. तो एक निराळाच, सौम्य रोग करणारा जंतु होता, आणि आज त्याची गणना टोमॅटो-मिरचीवरच्या जंतूच्या जातींत होते. १९९० पर्यंत त्याविरुद्धचे निर्बंध उठले. जाळलेलीं रोपें अर्थातच परत आलीं नाहींत. दुःखाची गोष्ट अशी कीं, खरा खैऱ्याही त्याच काळांत, १९८६ मध्यें, फ्लॉरिडांत निराळ्या ठिकाणीं सांपडला, आणि कोणता डाग भिण्यासारखा व कोणता नव्हे याविषयीं लोकांचा विश्वास तोंवर पार उडाला होता.

उलट बाजूचें उदाहरण भाताचें. कोंकणांतील शेतकऱ्यांस कडा करपा ठाऊक आहे. भारतांत त्याची पहिली नोंद १९५१ मधील, आपल्याच कुलाबा म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील. यांत जंतु पानाच्या कडेच्या पाण्याच्या रंध्रांतून शिरतो, पाणी वाहणाऱ्या शिरांतून पसरतो, आणि पान शेंड्याकडून व कडेनें नागमोडी पिवळें-पांढरें होत जातें. दुसरा एक रोग आहे त्यांत जंतु श्वासरंध्रांतून शिरतो व शिरांच्या मधल्या भागांत राहतो; त्यामुळें शिरांमध्यें बारीक पाणीदार रेघा पडतात. १९९० पासून या दोन्ही जंतूंची जात एकच, ओरायझी. रोगप्रकार मात्र दोन. प्रयोगशाळेंत रेघांचा जंतु ॲलॅनिन या एकाच द्रव्यावर जगूं शकतो. कडा करप्याच्या जंतूस हें साधत नाहीं. एक पीक, एक जात, आणि तरी रोगाची चाल इतकी भिन्न. कडा करप्याची शेतांतली परीक्षा तर फारच सोपी आहे. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या कांचेच्या पेल्यांत उभा धरावा. थोड्या वेळांत कापलेल्या टोंकांतून दुधाळ स्राव उतरतो. खोडकिडीनें वाळलेल्या भातांत असें होत नाहीं. वांगीं-टोमॅटो यांची जंतुजन्य मर ओळखण्यासही हीच युक्ति चालते, मात्र तेथें खोडाचा तुकडा घ्यावा.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. जात एक असतां पिकें भिन्न कां, असें कोणी विचारील. पन्नास लाख अक्षरांपैकीं फार थोडीं यास कारण असतात. हे जंतु सुईसारख्या नळीनें कांहीं प्रथिनें झाडाच्या पेशींत टोंचतात व तिची प्रतिकारशक्ति दाबून टाकतात. कोणत्या जंतूजवळ यांपैकीं कोणतीं प्रथिनें आहेत, यावर कोणतें झाड त्यास वश होईल हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. बाकी साऱ्या जीनोमांत भाऊ असलेले दोन जंतु एवढ्या थोड्या सामग्रीच्या फरकानें दोन निरनिराळ्या पिकांचे वैरी होतात. लिंबावरचा रोगप्रकार लिंबूवर्गीय झाडांचा, डाळिंबावरचा डाळिंबाचा. सिट्री हें नांव दोघांचें नातें सांगतें, एकाकडून दुसऱ्याकडे रोग गेल्याचें सांगत नाहीं. म्हणून केवळ या कारणास्तव लिंबें तोडूं नयेत असें आम्हीं सदर सभासदांस कळविलें आहे. लिंबांवर पानें पोखरणारी अळी असल्यास तिचा बंदोबस्त करावा. तिच्या नागमोडी जखमांतून खैऱ्या आंत शिरतो.

तेल्या कोठून आला, हें विचारतां त्यांच्याच दुसऱ्या पत्रांतून उलगडा होण्यासारखा आहे. दोन वर्षांपूर्वीं नांग्या भरण्यासाठीं त्यांनीं बाहेरून गुटी कलमें आणलीं होतीं. रोगट मातृवृक्षावरून घेतलेल्या कलमांतून तेल्या दूरदूर जातो, आणि बागेंत आल्यावर पावसाचे शिंतोडे व छाटणीची कात्री त्यास झाडोझाडीं नेतात. कलमें पानांवर डाग नाहीं म्हणून निरोगी समजलीं गेलीं असावींत. हा दोष कोणाचा याची चर्चा आम्ही करीत नाहीं. पुढील खेपेस कलमें घेण्यापूर्वीं तीं पीसीआरनें तपासून मिळतात काय एवढें विचारावें. डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरांतच आहे.

तथापि बागेंतला डाग तेल्याचाच आहे, हेंही अजून सिद्ध व्हावयाचें आहे. बुरशीचे डागही प्रथमदर्शनीं फसवितात, आणि बुरशीचें औषध जंतूवर व जंतूचें बुरशीवर पुष्कळदां फुकट जातें. तेल्याचा कोंवळा डाग उन्हाकडे धरून पाहिला असतां तेलकट व अर्धपारदर्शक दिसतो, त्याभोंवतीं पिवळें वलय असतें, आणि फळावर इंग्रजी 'एल्' किंवा 'वाय्' अक्षरासारख्या भेगा पडतात. डागाच्या कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबांत कापून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला म्हणजे कापलेल्या कडेंतून धुरासारखे जंतूंचे लोट निघतांना दिसतात. बुरशीच्या डागांतून ते निघत नाहींत. जुन्या, वाळलेल्या डागांत मात्र जंतु असूनही लोट दिसत नाहीं. म्हणून नमुना पाठवितांना डाग ताजे व कोंवळे निवडावे, फवारणीच्या आधींचे घ्यावे, पानें ओलीं करूं नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नयेत, वर्तमानपत्राच्या कागदांत सैल गुंडाळून एकदोन दिवसांत पोंचतील असें करावें. पिकाचें व बहाराचें नांव, डाग प्रथम कधीं दिसले तो दिवस, आणि कलमें कोठून आणलीं हें सोबत लिहावें.

सदर सभासदांनीं लिंबाचीं व डाळिंबाचीं पानें निरनिराळ्या पाकिटांत पाठविण्याचें कबूल केलें आहे. लिंबें तूर्त उभीं आहेत.